नऊ-नऊच्या चार रांगा

मी जे सांगतो त्यातलं निम्मं लोक ऐकतानाच कापून टाकतात, म्हणून मी सुरुवातीलाच दुप्पट सांगतो. ही गोष्ट मात्र आहे तेवढीच सांगणार आहे. हिच्यात वाढवायला जागाच नाही. त्या वर्षीच्या माघात मी इतका घाबरलेला होतो की माझी सावलीसुद्धा माझ्यापासून दोन पावलं लांबून चालायची.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी आमचं घर. घरात तिघं जण: मी, आई आणि वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मी आबा म्हणायचो. वडील मी लहान असतानाच गेले. आबांनी लग्न केलं नाही, बोट केली. चाळीस वर्षं मच्छीमारी बोटीवर तांडेल होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा किनाऱ्यावर आले, पण आवाज समुद्रावरचाच राहिला. पडवीत बसून त्यांनी ‘चाय’ म्हटलं की पलीकडच्या वाडीतल्या चार घरांत चुलीवर आधण चढायचं.

ती चहाची हाकसुद्धा मला उद्देशून असे. आई म्हणजे त्यांची धाकटी भावजय. आमच्याकडे थोरला दीर आणि भावजय एकमेकांशी थेट बोलत नसत. आबांना मीठ हवं असलं तर ते मला सांगायचे, "आवशीक सांग, आमटी अळणी झाली." आई चार हातांवर उभी. तिने ते ऐकलेलं असायचं. तरी मी वळून तिला सांगायचो, आणि ती मला सांगायची, "तेंका सांग, मीठ ताटाच्या उजव्या बाजूक आसा." दोन देशांच्या वकिलातीत बसून मी लहानाचा मोठा झालो. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या पुढच्या सगळ्या घालमेलीचं मूळ इथे आहे. मी घर सोडलं असतं तर त्या घरात मीठ मागायचीसुद्धा सोय उरली नसती.

आणि घर सोडायची वेळ आलेलीच होती. मी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. लोकांनी रेडिओ माळ्यावर टाकले आणि टीव्ही आणले, आणि ते टीव्ही इतके उद्धट की बिघडेनात. दिवसाकाठी एखादं गिऱ्हाईक आलं तर ते वेळ विचारायला. आबांचा एक आतेभाऊ मुंबईला होता, त्याच्या वखारीत माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली. आबांनी फर्मान काढलं, "शिवरात्रीपर्यंत काय ता करून दाखय. नायतर शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मुंबैची गाडी. हंय बसान माशये मारूक मिया तुका पोसणा नाय."

मुंबईत मी पूर्वी सहा महिने राहून आलो होतो. एका खोलीत अकरा जण. झोपेत कूस बदलायची झाली तर आधी ठराव मांडावा लागे. संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहून आता आपल्या खाडीत भरती किती आली असेल ते मोजत बसायचो. सहा महिन्यांनी ताप घेऊन परत आलो तेव्हा आईने मला ओळखलं ते चपलांवरून.

तेव्हा मी एक बेत केला. आमच्या किनाऱ्यावरच्या हायस्कुलात एक खोली रिकामी पडलेली होती, आणि हेडसरांच्या डोक्यात कॉम्प्युटरच्या वर्गाचं खूळ शिरलेलं होतं. मशीन तू आण, खोली आम्ही देतो, वर्ग तू घे, असं त्यांनी मला सांगितलं. पण शाळा समितीचे अध्यक्ष खमके. ते म्हणाले, "पडद्यावर मराठी दिसलं पाहिजे. नुसते इंग्रजी आकडे दाखवणारं यंत्र माझ्या मनगटावर आहे."

तयार कॉम्प्युटर घ्यायचा तर मला आमची वाडी समुद्रासकट विकावी लागली असती. मी माझी जुनी मोटारसायकल विकली आणि सुटे भाग आणून मशीन स्वतःच जोडायचं ठरवलं. मुंबईहून एका ओळखीच्याकडून देवनागरीची फ्लॉपी मिळवली. तिच्यासोबतच्या चिठोऱ्यावर लिहिलं होतं, मेमरी सहाशे चाळीस पाहिजे. सहाशे चाळीस कसली, गावं की खंडी, हे तेव्हा घरात कोणालाच कळलं नाही. मलाही ग्रँट रोडच्या बाजूच्या गल्लीत जाऊन उभा राहीपर्यंत नीट कळलेलं नव्हतं.

तिथल्या दुकानदाराने मदरबोर्ड काचेवर ठेवला आणि बोटाने दाखवलं. मेमरीसाठी चार रांगा. एकेका रांगेत नऊ खाचा, एकेका खाचेत एक चिप बसवायची. आता चिप म्हणजे काय, तर दोन कुर्ल्या पोटाला पोट लावून चेपल्या तर जे होईल ते: काळं अंग आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ पाय. त्या नवांतले आठ काम करतात. नववा काही करत नाही. तो नुसता बाकीच्या आठांवर नजर ठेवतो, आणि कुणी चुकला असं वाटलं की बोंब मारून सगळं मशीन बंद पाडतो. असा नववा आमच्या प्रत्येक वाडीत एक आहे, त्यामुळे ते मला पटकन समजलं.

"ह्या वर्षी मेमरीला हात लावू नकोस," दुकानदार म्हणाला. "भाव सोन्याच्या पुढे गेलाय. पण घ्यायचीच असेल तर तीन रस्ते. मोठ्या चिपा नव्या घे, एकच रांग भर. अडीचशेच्या घरात मेमरी होईल. बाकीच्या रांगा जमेल तेव्हा भर."

"त्यात मराठी चालेल?"

"त्यात मराठी तोंडसुद्धा उघडणार नाही. दुसरा रस्ता, मोठ्या नव्याच घे, दोन रांगा. पाचशे बारा."

"त्यात?"

"त्यात मराठी बसेल, पण उकिडवं. चार ओळी लिहिल्या की उठेल." मग त्याने खालच्या कपाटातून एक बिस्किटाचा डबा काढला. "तिसरा रस्ता हा. एका हापिसाची मशीनं मोडीत निघाली, त्यातला माल. अठरा मोठ्या, अठरा लहान. दोन रांगा मोठ्या, दोन लहान. झाले सहाशे चाळीस पुरे. आणि पैसे नव्या अठरांइतकेच."

मी डबा हलवला. पाच कंपन्यांच्या चिपा, पाच रंगांची अक्षरं, पाठीवर वेगाचे आकडे, कुणाचा एक तर कुणाचा दुसरा. पाय काळवंडलेले. रापण ओढताना दोराला अठरा माणसं लागतात, त्यातला एक जरी ढिला पडला तरी जाळं तिरकं येतं आणि मासळी बाजूने पसार होते. हे तर पाच गावांचे छत्तीस जण, आयुष्यात एकमेकांचं तोंड न बघितलेले.

"गॅरंटी?" मी विचारलं.

"आहे की. दुकानाच्या पायरीपर्यंत."

मी त्या काचेसमोर एक तास उभा होतो. दुकानदाराने दोनदा चहा पाजला, एकदा माझ्या अंगावरून धूळ झटकली. नव्या अठरा घेतल्या तर मशीन धडधाकट, पण समितीसमोर मराठी उकिडवं. जुन्या छत्तीस घेतल्या तर मराठी ऐसपैस, पण मशीन देवाच्या हवाली. मी देवाच्या हवाली केलं. आमच्याकडे तीच सवय आहे.

मदरबोर्ड, खोका, पडदा हे सगळं मालट्रकने पाठवायचं ठरलं. चिपांचा डबा मात्र मी एसटीत मांडीवर घेऊन बसलो. चौदा तास हललो नाही. महाडला शेजारच्या बाईने माझ्या नाकाशी बोट धरून बघितलं, श्वास चालू आहे का.

सामान यायला पुढे बारा दिवस लागले. तोवर डबा माझ्या खोलीतल्या फळीवर. मी रोज सकाळी तो उघडून चिपा मोजायचो. छत्तीस. मग डबा तसाच उघडा टाकून बाजारात जायचो. आबा पडवीतून बघायचे आणि म्हणायचे, "मेल्या, ती कुर्ल्यांची पिल्ला धरून हाडलंस. तेंका खाऊक तरी घाल."

मालट्रक आला तेव्हा शिवरात्रीला अकरा दिवस होते. मी जेवण सोडून पडवीत जोडायला बसलो. एकेक चिप खाचेत दाबताना पाय वाकला तर संपलं, म्हणून छातीवर हात ठेवून, ठोके थांबले की मधल्या फटीत दाबायचो. दुपारी तीन वाजता छत्तिसावी बसली. बोर्डावरची छोटी पांढरी बटणं मेमरीच्या हिशेबाने वरखाली केली आणि वीज दिली. पडद्यावर आकडे चढायला लागले. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव. पाचशे बाराला जरा दम खाल्ला, मग पाचशे शहात्तर, सहाशे चाळीस. मी ओरडलो. फ्लॉपी घातली आणि दोन मिनिटांनी पडद्यावर हिरव्या रंगात ‘आई’ लिहिलं. आईने पदराला हात पुसून पडद्याला बोट लावलं, ते गरम नाही ना बघितलं, आणि मला म्हणाली, "तेंका सांग, माझा नाव इला."

आबा आले, बघितलं, आणि म्हणाले, "फाल्या येता काय बगूया."

फाल्या आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साताला मी वीज दिली. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, आणि थप्प. नवव्याने बोंब मारली. पडदा काळा, वर एक इंग्रजी ओळ. मी बंद केलं, चालू केलं. चौसष्टला थप्प. पुन्हा. ह्या वेळी चारशे अठ्ठेचाळीसपर्यंत जाऊन थप्प. दहा वाजेपर्यंत मी चाळीस वेळा चालू-बंद केलं. मग डोकं धरून बसलो. दुपारी दोनला, सोडून द्यायचं म्हणून शेवटचं बटण दाबलं, तर सहाशे चाळीस. जणू सकाळी काही झालंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. सकाळी मुकं, दुपारी बोलकं. आबा म्हणाले, "तुझो कॉम्प्युटर सरकारी आसा. बाराच्या आधी कामाक लागणा नाय."

मी हसलो नाही. आयुष्यात विनोदावर न हसलेला तो माझा पहिला आठवडा. पहिल्या रांगेतल्या चिपा तिसरीत जाणार नाहीत, मोठ्या-लहानाचा फरक, म्हणून मोठ्या दोन रांगा आपसात बदलल्या. लहान दोन आपसात बदलल्या. लहान दोन्ही रांगा पार काढून पाचशे बारावर चालवून बघितलं, सकाळी थप्प. मोठीही एक काढली, एकाच रांगेवर चालवलं, तरी थप्प. ज्या कंपनीची अक्षरं लाल त्या चिपा एका रांगेत, ज्यांची पांढरी त्या दुसऱ्या रांगेत लावल्या. वेगाचे आकडे जुळवले, जणू लग्नाच्या पत्रिका. भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज किती आकड्याला मेलं ते लिहीत गेलो. त्या कॅलेंडरावरच्या देवाच्या चेहऱ्यावर शेवटी माझ्याबद्दल काळजी दिसायला लागली. हे मी खरं सांगतो.

आणि प्रत्येक वेळी मनात एकच. नव्या अठरा घ्यायला हव्या होत्या. हाव केलीस. सहाशे चाळीसची हाव. पाचशे बारात चार ओळी तरी लिहिल्या असत्यास, समितीला चार ओळी पुरल्या असत्या, कुणी पाचवी मागितली नसती. ही सोपी गोष्ट त्या काचेपुढे तासभर उभं राहून मला सुचली नाही. दुकानाची पायरी आता चारशे-पाचशे किलोमीटरवर होती आणि गॅरंटी तिथेच बसलेली.

शिवरात्रीला तीन दिवस असताना हेडसर स्वतः सायकलवर आले. "परवा सकाळी आठ वाजता अध्यक्ष येतायत, तुमच्याच घरी. कुणकेश्वरला जत्रेच्या तयारीला जाताना वाटेत थांबतील."

"सर, दुपारी नाही का जमणार? दुपारी तीनला?"

"दुपारी ते कुणकेश्वरला असतील. मग जत्रा. मग ते मुंबईला मुलाकडे महिनाभर. काय झालं? मशीन चालतं ना?"

"चालतं," मी म्हटलं. "दुपारी तर फारच चालतं."

त्या संध्याकाळी आई माझी ट्रंक खाली काढून पुसत बसली. ट्रंकेत वर्तमानपत्राचा कागद अंथरला, माझे दोन सदरे घडी करून ठेवले, मग ते पुन्हा काढले, झटकले, पुन्हा ठेवले. मी दारात उभा राहून बघत होतो. मग ती मला म्हणाली, "तेंका सांग, देवाकडे गाऱ्हाणा घालूक व्हया."

मी आबांना सांगितलं. आबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण उठले. देवघरासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि त्यांच्या त्या आवाजात सुरू केलं: "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई आतून म्हणाली.

"ह्या पोरान खंयसून तरी एक पेटी हाडल्यान हा. तिच्यात नऊ-नऊच्या चार रांगा आसत. सकाळची ती उठणा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जा काय तिच्यात आडला आसात, ता मोकळा कर. आणि ह्या पोराक खंय धाडूचा, हंय ठेवचा, ता तूच ठरय. माझा काय एक म्हणणा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई इतक्या जोरात म्हणाली की नारळ हलला.

मला तेव्हा एवढंच खटकलं. मुंबईचं फर्मान काढणारा माणूस देवापुढे म्हणतो, माझं काही म्हणणं नाही. पण मी ते विसरलो. मला चिपा दिसत होत्या.

परवाचा दिवस उजाडला तो कुडकुडत. पहाटेपासून मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, असा की खळ्यात कुत्रीसुद्धा चुलीशी यायची परवानगी मागत होती. आईने न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली रोजच्यासारखी पायरीवर ठेवली होती, ऊन आलं की थिजलेलं तेल पातळ व्हावं म्हणून. सात वाजता मी वीज दिली. एकशे ब्याण्णव. थप्प. सव्वासात. चौसष्ट. थप्प. साडेसात. आकडाच नाही, सरळ काळं. मी देवाला, दुकानदाराला, मोटारसायकलला, सगळ्यांना शिव्या घालत होतो. ट्रंक दाराशी ठेवलेली, तिच्यावर आबांनी स्वतःचा टॉवेल वाळत घातलेला.

पावणेआठला वळणावर जीपचा आवाज आला. मी खुर्चीवरून उठलो आणि मागच्या दाराकडे निघालो. तिथून सरळ एसटी स्टँड. कुणाचं तोंड बघायचं नाही.

आबा आडवे आले. "खंय चल्लंस?"

"मुंबैक."

"गाडी परवाची आसा. बस थय." त्यांनी मला खांदा धरून परत मशीनसमोर बसवलं आणि खोक्यात वाकून बघितलं. "सकाळी चलणा नाय, दुपारी चलता. म्हणजे हेका थंडी वाजता. आमच्या जुन्या बोटीचा इंजिन असाच होता. सकाळी तेच्या डोक्याक दिवो लावन तापवल्याशिवाय उठा नाय." आणि मग ते मान वळवून, माझ्याकडे न बघता, सरळ स्वयंपाकघराकडे ओरडले, "इस्त्री पेटय गो! कोळश्याची! बेगीन!"

मी हयातीत पहिल्यांदा त्यांना आईशी थेट बोलताना ऐकलं. आत भांडं पडलं. मग आई म्हणाली, "हाडतंय," तीही थेट, आणि दोन मिनिटांत चुलीतले निखारे भरलेली इस्त्री घेऊन पडवीत आली. आबांनी ती मुठीत धरली आणि चिपांच्या रांगांच्या वर, वीतभर अंतरावर, हळूहळू फिरवायला लागले. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. होळीला सदऱ्याला करतात तशी.

आणि तेव्हा वास आला. आमच्या घराला चोवीस तास खोबरेलाचा वास आणि आमच्या बोटांना खोबरेल, त्यामुळे कुणाच्या नाकाला वा हाताला ते कळत नाही. पण हा गरम खोबरेलाचा वास होता. मी खोक्यात नाक घातलं. चिपांच्या पायांशी पांढरट साय होती ती विरघळत होती, चकाकत होती, थेंब धरत होती. मी सावकाश वर बघितलं.

आबा भिंतीकडे बघत होते.

"आबा, हेंका तेल कोणी लायला?"

"खारो वारो काय माणसाक इचारून येता?" ते म्हणाले. "फळयेर बारा दिवस उघडा पडलेला. पाय काळे जायत होते. म्हणान लायलंय थोडा."

"छत्तीसांक?"

"मगे? पस्तीसांक लावन एक काय वायलो ठेवतलंय?"

छत्तीस चिपा, सोळा-सोळा पाय. पाचशे शहात्तर पाय. माझ्या अपरोक्ष, रोज मी बाजारात गेलो की, तो जाडजूड बोटांचा तांडेल काडीला कापूस गुंडाळून एकेक पाय तेलात न्हाऊ घालत बसलेला. बोटीवर चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. खिळा असो, गळ असो, कोयता असो, समुद्राकाठी धातू उघडा ठेवायचा नाही. थंडीत ते तेल थिजायचं आणि पाय खाचेला नीट टेकायचे नाहीत. दुपारी पातळ झालं की टेकायचे. जाणकार लोक ह्यावर मला काहीबाही सुनावतील, सुनावू देत. मी वासावर आणि डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

"तुमी तर माका मुंबैक धाडूक बघत होतास," मी म्हटलं.

"धाडतलंयच," आबा म्हणाले. "म्हणान तुझा सामान गंजाक देवचा? वीज लाय. ते इले."

अध्यक्ष आणि हेडसर पडवीत चढले तेव्हा पडद्यावर आकडे चढत होते. तीनशे वीस. तीनशे चौऱ्याऐंशी. आबा खोक्यावर इस्त्री फिरवत होते. अध्यक्षांनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"हे काय चाललंय?"

आबांनी कचेरीत बोलतात तसं सरळ, स्वच्छ मराठी काढलं, जे त्यांनी त्यापूर्वी फक्त बंदर खात्याच्या साहेबांसमोर वापरलं होतं. "साहेब, हे यंत्र सुरू करण्यापूर्वी थोडं तापवावं लागतं. विजयदुर्गला बोटींचं करतात, तशीच पद्धत आहे."

अध्यक्षांनी गंभीरपणे मान हलवली. "हो, हो. ते आहेच."

सहाशे चाळीस. फ्लॉपी कुरकुरली. मी की-बोर्डवर बोटं ठेवली. "काय लिहू, साहेब?"

"कुणकेश्वर लिहा."

मी लिहिलं. ‘श्व’ उमटेपर्यंत माझ्या पाठीतून घाम पोटापर्यंत आला. उमटला, अगदी छापल्यासारखा. अध्यक्ष म्हणाले, आता हायस्कुलाचं नाव लिहा. मग म्हणाले, माझं लिहा. मग त्यांना गंमत वाटायला लागली आणि त्यांनी सांगितलं, माझ्या वडिलांचं, आजोबांचं, नातवाचं. मी लिहीत होतो. निखारे निवत चालले होते. आबांनी इस्त्री आणखी खाली घेतली, बोटभर अंतरावर. आई दारात नव्या निखाऱ्यांची पळी घेऊन उभी होती. पाहुण्यांच्या पाठीमागून तिने ती आबांकडे पुढे केली, आणि आबांनी इस्त्रीचं झाकण उघडून धरलं. दोघांपैकी कुणी कुणाला सांग म्हणून मला सांगितलं नाही.

"उत्तम," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "वर्ग सुरू करा. शाळेच्या आधी, सकाळी सात वाजता सोयीचं पडेल."

मी आणि आबा एकदम म्हणालो, "दुपारी!"

"दुपारी का?"

"सकाळी मुलांचं डोकं तापलेलं नसतं," आबा म्हणाले.

अध्यक्ष हसले. हेडसरांनी खिशातून वही काढली आणि दुपारी तीन असं लिहून घेतलं. जीप कुणकेश्वरच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही तिघंही जागचे हललो नाही. मग मी मशीन बंद केलं आणि भिंतीला टेकून खाली बसलो.

आबांचा तळहात मुठीच्या जागी लाल झाला होता, मधे एक फोड. आईने पायरीवरची बाटली आणली. तेल अजून घट्ट. तिने बाटली माझ्या हातात दिली. "तेंका सांग, हात उघडो ठेवू नको."

मी बाटली त्याच इस्त्रीवर धरली आणि पातळ झाल्यावर आबांच्या हातावर तेल ओतलं. पुढचे दोन दिवस मी पाचशे शहात्तर पाय आणि खाचांमधली तेवढीच भोकं पेट्रोलने पुसली. आबा शेजारी बसून एकेक चिप धरून देत होते आणि दर दहाव्या चिपेला विचारत होते, "मगे आता गंजतले ना?" शेवटी मी त्यांना खोक्याच्या बाहेरच्या स्क्रूंना तेल लावू दिलं. तेवढ्यावर तडजोड झाली.

पण हे पुढचं. त्या सकाळी हाताला तेल लावून झाल्यावर आबांनी ट्रंकेवरचा टॉवेल काढला, खांद्यावर टाकला, आणि मला म्हणाले, "आतेभावाक कागद घाल. सांग, झील येवचो नाय."

"काय कारण लिहू?"

त्यांनी खाडीकडे तोंड केलं. "लिव, हंय खाऱ्या वाऱ्यात सामान गंजता. बघूक कोण तरी व्हयो."

मी म्हटलं, मशीनवरच लिहितो.

"मगे दुपारी लिव," आबा म्हणाले.